कागदावरची बहीण

परभणीत मला सगळे 'वकील साहेब' म्हणत आणि मी वकील नव्हतो. साधा बी.कॉम. होतो. आयकर अधिकाऱ्यासमोर दुसऱ्याच्या वतीनं उभं राहून बोलायची परवानगी मला होती, एवढंच. काळा कोट घालावा लागत नसे, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत मी खऱ्या वकिलांपेक्षा सुखी असे.

या धंद्यात माणसं दार लोटून घेतात, आवाज खाली आणतात आणि बायकोलाही न सांगितलेलं सांगतात. मानवतचे एक अडते दर वर्षी विवरणपत्राच्या शेवटी 'कळावे, लोभ असावा' असं लिहा म्हणून हटून बसत. "साहेबाला कागद धाडायलोत आपण. असा कोरडाच कसा धाडायचा?" एका वर्षी कंटाळून लिहिलं. साहेबांनी त्या ओळीखाली लाल शाईनं बरोबरची खूण करून ठेवली होती.

मी मूळचा झरीचा. छप्पन सालानंतर आमच्या घरातल्या भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या, आणि पुढे मी परभणीला ऑफिस थाटलं तेव्हा त्यातलीच एक तिथं लावली. नवीन पक्षकार आला की आधी तसबिरीकडे बघे, मग टेबलावरच्या तांब्याकडे, आणि म्हणे, "पाणी न्हाई लागत. आत्ताच पिऊन आलो." मी आग्रह करत नसे. माझ्या हातचं पाणी टाळता येत होतं, माझ्या हातचं विवरणपत्र टाळून त्यांना चालणार नव्हतं.

भगवानराव आणि सुधाकरराव हे दोघे भाऊ माझ्याकडे आले, तेव्हाही हेच झालं. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती आणि त्या वर्षी सगळ्या कचेऱ्यांतली माणसं अचानक वेळेवर येऊ लागली होती. भगवानराव थोरले. परभणीत कापडाचं दुकान. सुधाकरराव धाकटे, सरकारी नोकरीत. थोरला बोले आणि धाकटा त्याचा शेवटचा शब्द पुन्हा म्हणे.

"वकील साहेब, मानवतचं घर काढायलोत," भगवानराव म्हणाले.

"काढायलोत," सुधाकरराव म्हणाले.

वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. आई त्याआधीच गेलेली. घर मोंढ्याजवळ, मोठ्या रस्त्याला लागून. शेजारच्या जिनिंगवाल्या शेटांना गोदामासाठी ती जागा हवी होती आणि ते नव्वद हजार द्यायला तयार होते. इसार झाला होता. पण पन्नास हजारांवरचं घर विकायचं तर त्या काळी विकणाऱ्याला आयकर कचेरीचा दाखला लागे. त्याशिवाय खरेदीखत नोंदवून घेत नसत. त्या दाखल्यासाठी दोघे आले होते.

मी त्यांना जे सांगितलं ते वाचकांनाही सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. घर विकून आलेल्या सगळ्या पैशावर कर नसतो. घराची किंमत जेवढी वाढली, तेवढ्यावर असतो. वडलांकडून आलेलं घर असेल तर वडलांना ते केवढ्याला पडलं ते बघायचं. पण घर फार जुनं असेल, तर कायद्यानं एक सोय ठेवली होती: एक जानेवारी चोपन्न या दिवशी ते बाजारात केवढ्याला गेलं असतं, ती किंमत मूळ म्हणून धरा. चोपन्नची किंमत जितकी जास्त, तितका नफा कमी आणि कर कमी. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचं घर चोपन्न साली राजवाडा असे.

"मालक किती जण?" मी विचारलं.

"दोघं."

"बहीण नाही?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भगवानरावांनी पिशवीतून स्टँपपेपर काढला. हक्कसोड पत्र होतं, टाइप करून तयार. बहिणीनं वडलांच्या घरावरचा आपला हक्क राजीखुशीनं सोडला असल्याचं त्यात लिहिलेलं. खाली सहीची जागा कोरी.

"यमुना हाय ना. विधवा हाय. मानवतच्या घरातच राहती. निस्ती सही पाहिजे तिची, पण ती काय घावंना. पहिल्या बारीला गेलो तर म्हणं चष्मा फुटला. दुसऱ्या बारीला गेलो तर म्हणं धोंड्याचा महिना हाय, असलं काम करू नाही. परवा गेलो तर म्हणं बोट भाजलं."

"अंगठा घ्यायचा मग."

"अंगठा कसा घ्यायचा? सातवी शिकलेली हाय. त्याचीच तर पंचाईत झालीय."

"पंचाईत झालीय," सुधाकरराव म्हणाले.

न बघताच ती बाई मला आवडू लागली.

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. झरीचं आमचं दोन खणांचं घर वडलांमागं मी माझ्या नावावर करून घेतलं, तेव्हा असाच एक कागद मी माझ्या बहिणीपुढे ठेवला होता. तिनं तो काय आहे हेही विचारलं नाही. शाई लागलेला अंगठा पदराला पुसला आणि मला जेवायला वाढलं. तिला पुढे मी काय दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, कारण फारसं काही दिलं नाही. तो स्टँपपेपर बघून मला त्या पदरावरचा डाग आठवला. पुढे जे केलं त्यात थोडा हात त्या डागाचाही होता.

मी भगवानरावांना म्हणालो, "हक्कसोड घेऊ नका. नुकसान होईल."

"कसं काय?"

"एक म्हणजे बाईनं फुकट हक्क सोडला तर ती देणगी झाली. देणगीवरही कर असतो आणि तो बाईला भरावा लागतो. दुसरं म्हणजे नफा दोघांत वाटला तर दोघांच्या डोक्यावर मोठा मोठा पडतो. उत्पन्न जसं चढतं तसा कराचा दर चढतो. तुमचं दुकानाचं उत्पन्न आधीच वरच्या पायरीवर आहे." आणि मी कागदावर दोन्ही हिशेब मांडून दाखवले. एकीकडे दोन हिस्से, दुसरीकडे तीन. यात एकही आकडा खोटा नव्हता. फक्त पहिला हिशेब मी जरा मोठ्या अक्षरांत लिहिला.

भगवानरावांनी तो आकडा वाचला. मग तांब्या उचलला आणि तोंड न लावता, गटागटा, अर्धा रिकामा केला. कराच्या भीतीनं किती जणांना तहान लागलेली मी पाहिली आहे!

"मग असं करा," ते मिशी पुसत म्हणाले. "बहीण दाखवून टाका."

"कागदावर?"

"कागदावरच. पैसे आले की ती आमाला काढून देईल. जाती कुठं?"

"कागदावर दाखवायचं काम माझं," मी म्हणालो. एवढंच म्हणालो. त्यांनी बाकीचं गृहीत धरलं.

चार दिवसांनी यमुनाबाई एकट्याच एसटीनं आल्या. चाळिशीच्या, सडपातळ, चष्मा अगदी ठणठणीत. हाताच्या दहाही बोटांना काही झालेलं नव्हतं. तांब्या दिसताच स्वतःहून पाणी ओतून घेतलं, प्याल्या, आणि समोरच्या खुर्चीवर बसून म्हणाल्या, "मला कागदावर दाखवणार हाय म्हणं. मी काय अशी दिसत न्हाई का?"

मला हसू आवरलं नाही. त्याही हसल्या, पण थोडं.

नवरा वारल्यावर त्या माहेरी आल्या होत्या. शिलाई मशीनवर चोळ्या, परकर शिवायच्या आणि वडलांचं करायच्या. वडील शेवटची चार वर्षं अंथरुणाला खिळलेले. भाऊ सणावाराला येत. "वाईट न्हाईत हो ते," त्या म्हणाल्या. "दादा येताना मोसंबी आणायचा. पण घर विकलं की मी कुठं राहायचं, ह्ये दोघांतल्या एकानंही इचारलं न्हाई. दादा म्हणला, चार महिने माझ्याकडं, चार महिने सुधाकडं. मी इचारलं, आन् राह्यलेले चार? तर गप बसला."

मी त्यांनाही कायदा समजावला. तो माझा व्यवसायच होता. त्या आता माझ्या तिसऱ्या पक्षकार होत्या. विकलेल्या घरात मागची दोन वर्षं जो स्वतः राहत होता, त्यानं वर्षाच्या आत राहायला दुसरं घर विकत घेतलं, तर तेवढ्या पैशावरचा कर माफ. भावांना ही सवलत मिळणार नव्हती, ते परभणीत राहत होते. यमुनाबाईंना मिळत होती.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "दुसरं घर कुणाच्या नावावर घ्यावं लागंल?"

"तुमच्याच."

"परत सांगा."

"तुमच्याच नावावर, यमुनाताई. दुसऱ्याच्या नावावर घेतलं तर सवलत नाही."

"म्हंजे सरकारच म्हणायलंय, की यमुनानं घर घ्यावं?"

"असं म्हणायला हरकत नाही."

"सोनपेठला माझी जाऊ हाय. तिथल्या बाजाराला शिलाईचं काम बी लय मिळतं," त्या म्हणाल्या. मग अर्जावर तिन्ही ठिकाणी, कुठल्या बोटाला काही न होता, झोकदार सह्या केल्या आणि परतीची एसटी गाठायला निघून गेल्या. तिघांच्या अर्जांत मी लिहिलं: घराचे मालक तीन, प्रत्येकाचा हिस्सा एक तृतीयांश. भगवानरावांनी आणि सुधाकररावांनी तेच शपथेवर लिहून दिलं. दोघांनी वाचून सही केली, हे मुद्दाम सांगतो.

आता राहिला चोपन्न सालचा राजवाडा. वडलांनी ते घर निजामाच्या काळात हाली सिक्क्याच्या चार हजारांत बांधलं होतं. आम्ही चोपन्नची किंमत चाळीस हजार लावली. तीस मिळाली असती तरी मी समाधानी होतो, पण साहेबांना दहा हजार कापायचा आनंदही मिळायला हवा ना.

साहेब नवे होते, नागपूरकडचे. वयानं तरुण, बोलायला इतके गोड की माणूस बेसावध होई. सुनावणीला तिघंही भावंडं माझ्यामागं बसली होती. साहेबांनी चहा मागवला, सगळ्यांना दिला आणि मग फायलीतून एक पिवळा पडलेला कागद काढला.

"म्युनिसिपालिटीच्या जुन्या दप्तरात हे सापडलं," ते म्हणाले. "तुमच्या वडलांचा अर्ज. त्रेपन्न साल संपता संपताचा. घरपट्टी कमी करण्याविषयी. वाचू?"

कुणी नको म्हणण्याआधीच त्यांनी वाचायला सुरुवात केली. वडलांचा हात लिहिता होता. घराच्या भिंती मातीच्या असून त्या शेजाऱ्याच्या भिंतींना टेकल्यामुळेच उभ्या आहेत. पावसाळ्यात एका हातात छत्री धरून जेवावं लागतं. आडाचं पाणी गुरंही तोंडी घेत नाहीत. एवढंच काय, चोर एकदा आत आला होता तो हळहळून गेला. सबब सदर घराला काहीही किंमत नसून घरपट्टी माफ व्हावी.

साहेबांनी कागद खाली ठेवला. "आणि हे घर एक जानेवारी चोपन्नला चाळीस हजारांचं होतं?"

भगवानरावांचा चेहरा पडला. सुधाकररावांना या खेपेला म्हणायला शब्दच मिळाला नाही. मी गळा साफ केला. अशा वेळी गळा साफ करण्यानं अर्धं मिनिट मिळतं आणि तेवढ्यात काहीतरी सुचतं. त्या दिवशी काही सुचत नव्हतं. चार हजार हालीवर जर साहेब अडून बसले असते, तर जवळजवळ पूर्ण नव्वद हजारांवर कर बसला असता.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"साहेब, त्या अर्जाचं उत्तर बघितलं का तुमी?" यमुनाबाई उभ्या राहिल्या होत्या.

"उत्तर?"

त्यांनी पिशवीतून रुमालात बांधलेला कागद काढला. "बाबा दर दिवाळीला ह्यो कागद काढून वाचायचे आन् त्या ओव्हरसियरला शिव्या द्यायचे. मी ट्रंकेत ठिवला होता. अर्ज कुणी काढला तर लागंल म्हणून आणला."

साहेबांनी तो वाचला. आधी मनातल्या मनात, मग मोठ्यानं. अर्ज आल्यावर म्युनिसिपालिटीनं आपला ओव्हरसियर मुआयना करायला पाठवला होता आणि तो माणूस भलताच कष्टाळू निघाला होता. त्यानं घराची इंचन् इंच मोजदाद केली होती. भिंती चुनेगच्ची, दीड हात रुंद. सागवानी तुळया मोजून बावीस. ओसरीला शहाबादी फरशी. आडाचं पाणी मी स्वतः पिऊन पाहिलं, गोड आहे. छत्रीची गरज नाही. शेवटी बाजारभावानं घराची किंमत बत्तीस हजार धरून त्यानं खाली लिहिलं होतं: दरख्वास्तीतला मजकूर सरासर खोटा आहे. दरख्वास्त नामंजूर. तारीख चोपन्नच्या जानेवारीची, तिसरा आठवडा.

तोवर मला सुचलं होतं. "साहेब, याहून चांगला पुरावा कुठला? किंमत आम्ही सांगत नाही आहोत. सरकारी माणसानं आमच्या तोंडावर, आमच्या विरोधात जाऊन ठरवली आहे. आणि आमच्या वडलांचं म्हणणं खोटं होतं, हे आम्ही आता मान्य करतो."

"मान्य करतो!" सुधाकरराव जोरात म्हणाले.

साहेब हसू दाबत होते. बत्तीस मान्य झाले. दाखला मिळाला. बाहेर आल्यावर भगवानराव बहिणीला म्हणाले, "शाबास यमुने!" त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं.

पाथरीला, तालुक्याच्या कचेरीत, खरेदीखत झालं. शेटांना मी सुचवलं होतं की पैसे तीन वेगळ्या चेकनं, ज्याच्या त्याच्या नावानं द्यावेत, म्हणजे फाइल स्वच्छ राहील. हे साहेबांनी मागितलं नव्हतं. कुणी मागितलंय असं मला कुणी विचारलंही नाही. यमुनाबाईंनी जन्मात पहिल्यांदा बँकेत खातं उघडलं. भगवानराव म्हणाले, चेक वटला की पैसे काढायला मी बरोबर येतो. यमुनाबाई म्हणाल्या, ये की.

पंधरवड्यानंतर दोघे भाऊ माझ्या ऑफिसात शिरले, ते दार न लोटता.

"वकील साहेब, यमुनानं सोनपेठला घर घेतलं! खरेदी करून मोकळी झाली! आमाला मशीन हलवायला बोलावलं तवा कळालं."

"अभिनंदन," मी म्हणालो.

"अभिनंदन कशाचं? ते पैसे आमचे होते! आपलं ठरलं होतं, कागदावरच म्हणून!"

"भगवानराव, कागदावर काय लिहिलं होतं? तिचा हिस्सा एक तृतीयांश. कुणी लिहून दिलं? तुम्ही, शपथेवर. आता तिचा हिस्सा नव्हता म्हणायचं असेल तर आपण आजच साहेबांकडे जाऊ. पण मग शपथ खोटी ठरते, आणि कराचा तो पहिला हिशेब परत काढावा लागतो." मी ड्रॉवर उघडला. मोठ्या अक्षरांतला कागद अजून तिथंच होता.

भगवानरावांनी ते आकडे पुन्हा वाचले. "तुमी आमाला फसिवलं," ते हळू आवाजात म्हणाले.

"कुठल्या कागदात?" मी विचारलं.

उत्तर तयार होतं म्हणून मी ते दिलं. पण ते दोघे जिना उतरत असताना मला तितकंसं बरं वाटलं नाही. कागदात फसवलं नव्हतं हे खरं. गप्प राहून फसवलं होतं. पुढे कळलं, त्या वर्षी भाऊबीजेला सोनपेठला कुणी गेलं नाही. माझी फी मात्र भगवानरावांनी नोकराच्या हाती पूर्ण पाठवली, पावती मागून घेतली आणि पुढच्या वर्षीपासून दुसरा सल्लागार धरला. तीन पक्षकारांचं हित बघायला निघालेल्या माणसानं दोन गमावले.

दोनेक वर्षांनी एका कामासाठी सोनपेठला गेलो. बाजाराचा दिवस होता. विचारत विचारत यमुनाबाईंचं घर काढलं. दोन खोल्या, वर पत्रे, दारात तुळस, आत मशीन. आणि मशीनशेजारी चटईवर मांडी घालून कोण बसलं होतं? सुधाकरराव. हातात ब्लाउज आणि ते मन लावून त्याला हुक लावत होते.

मला बघून ते कानापर्यंत लाल झाले. "महिन्यातून एकदा येतो," ते म्हणाले. "आक्काच्या हातचं जेवतो. दादाला कळू देऊ नका. त्यानं शपथ घातलीय." ते एकटे असले की पूर्ण वाक्यं बोलत, हे मला त्या दिवशी कळलं.

यमुनाबाईंनी चहा टाकला. सुधाकररावांनी दोन घोट घेतले असतील-नसतील, तोच रस्त्यावरून ओळखीचा आवाज आला. "यमुने! हायेस का घरात?"

सुधाकरराव उठले, चपला हातात घेतल्या आणि आतल्या खोलीतून दिसेनासे झाले. समोरच्या दारातून भगवानराव आत आले. काखेत कापडाच्या तुकड्यांचं गाठोडं, हातात मोसंब्यांची पिशवी. मला बघून ते उंबऱ्यातच थबकले.

"वकील साहेब. तुमी इथं?" मग गाठोडं खाली ठेवत, जवळ येऊन, अगदी माझ्या ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "दुकानातले तुकडे वाया जायलेत, म्हणून हिला आणून देतो कधी कधी. सुधाकरला कळू देऊ नका. मीच शपथ घातलीय त्याला. लय बोलंल."

मी मान डोलावली. पक्षकार जुना असला तरी गुपित ते गुपित.

त्यांची नजर चटईवरच्या अर्ध्या कपाकडे गेली.

"वकील साहेबांचा हाय," यमुनाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो कप उचलून गार झालेला चहा पिऊन टाकला. त्यात तीन चमचे साखर होती. माझा स्वतःचा कप गुपचूप मशीनमागं गेला.

निघताना त्या मला तुळशीपर्यंत सोडायला आल्या. आत भगवानराव मोसंबं सोलत होते. मी हळूच विचारलं, "सुधाकरराव गेले कुठून? मला वाटलं, कोठीत लपले."

"न्हाई ओ. मागं दार हाय, बोळात निघतं." त्यांनी पदर खोचला. "ह्ये घर घ्यायच्या आधी सात घरं बघितली मी. याच्याहून चांगली होती. पण सगळी एका दाराची. माझे भाऊ मला ठाऊक न्हाईत का?"